बयेची पुढची सीट

१

दातवाल्यांची गाडी सुरू करायला दोन माणसं लागत. एक आत, एक बाहेर. आतल्या माणसाने पायाने सेल्फचं बटण दाबायचं आणि बाहेरच्याने बॉनेटखाली वाकून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात धरायचा. हात घट्ट बसला की गाडी गुदमरायची आणि सैल राहिला की नुसती खोकत बसायची. नेमका किती धरायचा ते दातवाल्यांच्या तळहाताला कळत होतं, आणि ॲक्सिलरेटर नेमका किती दाबायचा ते त्यांच्या बायकोच्या पायाला. दोन लांब आणि एक आखूड. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती मांडीवर पर्स घेऊन स्टिअरिंगमागे बसे आणि बॉनेटपलीकडून ‘हं, मार!’ अशी हाक यायची वाट बघे.

दातवाले कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि हे घरामागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि खोटे दात घेऊन बसत. आयुष्यभर त्यांनी इतक्या लोकांच्या तोंडात हसू बसवलं होतं, की स्वतः हसायचं त्यांना फारसं सुचत नसे. ही गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मात्र ते रस्त्यात उभे राहून हसले होते. जुनी अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डाव्या हाताला, दोन खोल्यांचं घर मावेल एवढी, आणि पुढची जाळी म्हणजे क्रोमचे जाडजूड दात, वरचे खालचे सगळे शाबूत. त्या दातांवर ते भाळले. बायको म्हणाली होती, ‘दिवसभर लोकांचे दात घासता ते पुरत नाही, आता हिचेही घासा.’ तेव्हापासून ती गाडीला बया म्हणायची. ‘तुमची बया आज कशावर रुसली?’ असं विचारायची.

बया कशावरही रुसे. ब्रेक दोनदा दाबावा लागे. पावसात चढ लागला की वायपर काचेच्या मधोमध थांबून राहत आणि उतार आला की एकदम अंगात आल्यासारखे नाचत. पेट्रोलचा काटा बघू नये, जीव खालीवर होई. दर महिन्याला काहीतरी तुटे, आणि तो भाग समुद्रापलीकडून यायला ऋतू उलटून जाई. पण एकदा का ती चालू लागली की रस्त्यावरचे खड्डे कुणा दुसऱ्याच्या नशिबात गेल्यासारखे वाटत. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी, तिघं आरामात बसतील अशी. दार लावलं की ‘धप्प’ असा एकच भरीव आवाज होई आणि बाहेरचं जग बाहेर राही. एवढ्यासाठी दातवाले बाकी सगळं सोसत.

बॉनेट उघडलं की ते भिंतीसारखं उभं राही. आतल्याला बाहेरचा दिसत नसे, बाहेरच्याला आतला. तरी हात आणि पाय बरोबर जुळत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण पडद्याचा रंग काय घ्यावा इथपासून मुलीला फोन कधी करावा इथपर्यंत दोघांचं कशातच एकमत होत नसे. बिनबोभाट जमायचं ते हे एकच काम.

त्या सकाळी दार ‘धप्प’ वाजलेलं त्यांनी ऐकलं. तळहात धरला, म्हणाले, ‘हं, मार!’ सेल्फ फिरला. दोन लांब, एक आखूड. इंजिनने पहिल्याच दमात सूर धरला. दातवाले खूश झाले. अशी पहिल्या हाकेला ओ देणारी सकाळ वर्षातून एखादीच.

‘अहो, थांबा जरा!’ घराच्या दारातून बायकोचा आवाज आला. ‘चपलेचा पट्टा तुटला. आलेच!’

ती दारात उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

दातवाल्यांनी बॉनेटला वळसा घालून आत बघितलं. किल्ली लावलेली होती, ती त्यांनीच लावली होती. सीटवर कुणी नव्हतं. गाडी संथपणे हलत उभी होती.

‘कुणी सुरू केली?’ बायकोने विचारलं.

‘झाली,’ ते म्हणाले.

२

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याने गाडीखाली शिरून बराच वेळ काढला. तेवढ्या वेळात दातवाले त्याच्या बाकावर बसून दोन चहा प्यायले.

‘स्विच चिकटतोय,’ उस्ताद बाहेर येत म्हणाला. ‘सेल्फचा. एवढं वय झालं की माणूस पण झोपेत बडबडतो, साहेब. ही तर गाडी आहे.’

‘आणि ॲक्सिलरेटर? तो कसा हलला?’

‘इंजिन हललं की दांडी हलते. त्यात काय?’

दातवाल्यांना ते पटलं. पटवून घेण्यासारखंच होतं. दाराचा आवाज शेजारच्या घराचा असू शकतो, तिथेही दारं आहेत. उस्तादने नवा स्विच बसवला, आणि पुढचे काही दिवस बायको रोजच्यासारखी आत बसून सेल्फ मारत राहिली. बया खोकत, कुरकुरत, चौथ्या पाचव्या प्रयत्नाला सुरू होत राहिली. म्हणजे सगळं ठीक होतं.

मग बायकोची कामाची पाळी बदलली. ती इस्पितळात नर्स होती. पहाटेची पाळी आली की तिला घ्यायला उजाडतानाच इस्पितळाची गाडी येई. अशा आठवड्यांत बया जागेवर उभी राही, कारण आत बसायला कुणी नसे. दातवाले फक्त तिचे दात पुसत, बॉनेट उघडून तेलपाणी बघत आणि बंद करत.

एका सकाळी तेल बघून झाल्यावर त्यांचा तळहात आपसूक कार्ब्युरेटरवर गेला. हाताला सवय होती, त्याला काय कळणार आज कोण घरी आहे आणि कोण नाही. आणि तोंडालाही सवय होती.

‘हं, मार.’

सेल्फ फिरला. दोन लांब, एक आखूड. तळहाताखाली गाडीने हवा ओढून घेतली, गार आणि जोरात, आणि सुरू झाली.

दातवाल्यांनी हात काढला नाही. हात काढला तर काहीतरी बघावं लागेल, असं त्यांना वाटलं. डोळ्यांसमोर ॲक्सिलरेटरची दांडी होती. ती थोडी खाली गेली, तिथेच थांबली, मग वर आली. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून पाय जसा हलका ठेवतात तशी. उस्ताद म्हणाला होता, इंजिन हललं की दांडी हलते.

३

दातवाले काही भाबडे नव्हते. कवळी बसत नाही म्हणून रडत येणाऱ्या माणसाचं दुखणं हिरडीत आहे की मनात, हे त्यांना तोंडात बोट घालताच कळे. त्यांनी ही गोष्टही तशीच तपासली. बॉनेट उघडून, हात धरून, गप्प उभे राहिले. काहीच झालं नाही. फुटपाथवर उभं राहून ‘मार’ म्हणाले. काही झालं नाही, शेजारची बाई तेवढी वळून बघून गेली. हात धरून हळू आवाजात म्हणाले, तेव्हा सुरू झाली. एकदा मधेच ‘थांब’ म्हणाले. सेल्फ थांबला.

वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटतात हे खरं. पण वायरी सांगितलेलं ऐकत नाहीत.

त्यांनी सगळी सीट चाचपली. खाली वाकून पायांची जागा बघितली. तिथे रबरी मॅट होती, बायकोच्या टाचेने झिजलेली, आणि एक जुनं तिकीट. मग ते कंटाळले. खरं सांगायचं तर त्यांना भीतीपेक्षा थकवाच जास्त आला होता. दिवसभर मान खाली घालून दात लावायचे, संध्याकाळी पांढरे डबे घेऊन डॉक्टरांकडे पोचवायचे, घरी यायचं तर बायको पाय वर घेऊन पडलेली, तिला हाक मारायचीही चोरी. घरातली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विनवून करून घ्यावी लागत होती. आणि इथे एक गोष्ट अशी होती, की एकदा म्हटलं की होत होती. का होते हे विचारण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

बायकोची पाळी परत बदलली. ती नेहमीसारखी पर्स घेऊन बाहेर आली, तर गाडी सुरू होऊन उभी.

‘हे कसं काय?’

‘बटण बसवलं,’ दातवाले म्हणाले. ‘उस्तादने. बॉनेटखालीच. आता मी एकटा करू शकतो.’

ही थाप त्यांनी इतक्या सहज मारली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बायकोने पर्स दुसऱ्या हातात घेतली. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘एवढी वर्षं का नाही बसवलं मग?’

‘सुचलं नाही.’

‘माझा गुडघा गेला त्या बटणापायी. तुम्हाला सुचलं नाही!’ ती हसली, पण हसू काही तोंडभर आलं नाही. गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. इस्पितळाच्या फाटकाशी उतरताना म्हणाली, ‘उद्यापासून मी बसने जाईन. बस दारात थांबते. तुमच्या बयेचं आता माझ्यावाचून अडत नाही, मी तरी कशाला पेट्रोलच्या वासात डोकं दुखवून घेऊ?’

दातवाल्यांनी तिला थांबवायला हवं होतं. ते ‘बघ, तुला सोयीचं तसं’ म्हणाले.

४

गाडीत आता ते एकटेच असत. म्हणजे असं ते म्हणत.

आधी आरसा बदलू लागला. संध्याकाळी नीट लावलेला आरसा सकाळी वर वळलेला असे, मागच्या काचेऐवजी त्यात छत दिसे. जुन्या आरशाचा सांधा सैल होतो, आपोआप फिरतो. पण सैल सांधा असेल तर आरसा खाली पडेल, वर कसा जाईल? दातवाले तो परत खाली करत.

मग सीट. ती सलग असल्यामुळे पुढे-मागे सरकली तर सगळीच सरकायची. सकाळी ते बसायला जात तर पाय पेडलपर्यंत पोचत नसत. रोज थोडी अधिक मागे. त्यांच्यापेक्षा लांब पायांच्या कुणासाठी लावलेली असावी तशी. त्यांनी सीटची खिट्टी घट्ट करून घेतली. उस्ताद म्हणाला, ‘साहेब, उतारावर लावत असाल.’ गल्ली सपाट होती. उस्तादलाही ते माहीत होतं, तोही तिथूनच जायचा.

आणि एक दिवस त्यांनी दात पुसता पुसता गाडीकडे लांबून बघितलं. गाडी डावीकडे कलली होती. स्टिअरिंगच्या बाजूला. त्या बाजूची स्प्रिंग बसली असणार. जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं, चालवणारा त्याच बाजूला बसतो, वर्षानुवर्षं वजन तिथेच पडतं. पण पूर्वी ते दार उघडून आत बसत तेव्हा बया त्या बाजूला जराशी खाली जात असे, तलावातल्या होडीसारखी. तिचं ते लाडिक झुकणं त्यांना फार आवडायचं. आता ते बसले तरी गाडी हलत नव्हती. जेवढी झुकायची तेवढी आधीच झुकलेली.

गाडी मात्र पूर्वी कधी चालली नाही इतकी छान चालत होती. ब्रेक एका दाबात लागायचा. वायपर चढावरही फिरत. रेडिओचा पिवळा दिवा पेटला की आतलं गाणं गरम होत होत वर येई. तापलेलं इंजिन सिग्नलला बंद पडत नसे. डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर लोक थांबून बघत, म्हणत, ‘काय ठेवलीये!’ दातवाले मान डोलावत. त्यांच्या पाठीला, कमरेला सीट कुठेच टेकत नव्हती. म्हणजे टेकत होती, पण जरा पुढे. आपण सीटवर बसलोय की कुणाच्या तरी पुढ्यात, हा विचार त्यांच्या मनात एकदाच आला. तो त्यांनी लगेच झटकून टाकला आणि त्या दिवशी सगळा रस्ता ते स्टिअरिंगला चिकटून, पाठ सुटी ठेवून बसले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘पाठ धरली का?’

‘हो.’

‘दाखवा इकडे.’ तिने तेल गरम करून पाठ चोळून दिली. किती तरी दिवसांनी तिचा हात लागला. दातवाल्यांना रडूच यायचं बाकी होतं. सगळं सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. पण सांगायचं म्हणजे बटणाची थाप आधी सांगायला हवी. ते उताणे वळून झोपून गेले.

५

शेवटी घाबरवलं ते एका साध्या गोष्टीने.

बॉनेट उघडं असताना त्याच्या खालच्या कडेशी, काचेजवळ, बोटभर फट राहते. तिच्यातून आतलं काही दिसायचं म्हणजे स्टिअरिंगच्या वरच्या कडेचा तुकडा, बस. दातवाल्यांनी इतक्या वर्षांत कधी त्या फटीतून बघितलं नव्हतं. बायको आत बसलेली आहे हे माहीत असताना बघायचं कशाला?

त्या सकाळी तळहात धरण्याआधी ते हात पुसत होते, आणि नजर गेली. स्टिअरिंग हलत होतं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, सावकाश. कुणाची वाट बघत बसलेला माणूस हाताला चाळा म्हणून जसं हलवतो तसं. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. कंटाळा होता.

दातवाल्यांनी हाक मारली नाही. ते बॉनेट तसंच टाकून मागे सरकणार, तेवढ्यात सेल्फ फिरला. न सांगता. इंजिनचा पंखा त्यांच्या सदऱ्याची बाही धरून फाडत गेला आणि ते मागे, रस्त्यावर बसले. कोपराला खरचटलं. एवढंच. गाडी पुढ्यात थरथरत होती, क्रोमचे सगळे दात दाखवत.

 मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला गाडीची तितकी भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपण संध्याकाळी घरी येऊ आणि बायकोशी बोलायला आपल्याकडे काहीच नसेल याची. दोघांनी मिळून गाडी सुरू करायच्या रोजच्या त्या पाच मिनिटांवर त्यांचा संसार उभा होता. ती पाच मिनिटं त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली होती, आणि कुणाला ते विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, ‘बया विकतोय.’

ती मटाराच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली. ‘का? दुखणं काय निघालं?’

‘दुखणं काही नाही. थकलो मी. एखादी छोटी घेऊ. किल्ली फिरवली की सुरू होणारी. तुला कामावर सोडत जाईन.’

‘बस दारात थांबते.’

‘असू दे थांबत. मी सोडेन.’

 मग तिने अर्ध्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या. बराच वेळ दोघं शेंगा सोलत बसले. त्यांच्यात ही समेटाची रीत होती.

६

घेणारा होता एक हाडांचा डॉक्टर. जुन्या गाड्यांचा नादिष्ट. गावाबाहेर त्याची मोठी शेड होती आणि त्याने ‘तुम्हीच चालवत आणा, बसून बघायचंय’ असं सांगितलं होतं. दुपारची वेळ ठरली. बायकोने सुट्टी टाकली. येताना रिकाम्या हाताने नको, वाटेत नवी गाडी बघून येऊ असं तिचंच म्हणणं.

ती चांगली साडी नेसून, पर्स घेऊन बाहेर आली. दातवाले बॉनेट उघडून उभे होते. ऊन लख्ख होतं.

‘बटण राहू दे तुमचं,’ ती म्हणाली. ‘आज मी मारते. शेवटचं.’

‘नको.’

‘का नको? एवढी वर्षं नाही मारली?’

‘अगं, बटण नाहीये,’ दातवाले म्हणाले. अखेर तोंडातून निघालं. ‘कधीच नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं.’

‘मग सुरू कशी होत होती?’

‘मी हाक मारली की होते.’

तिने नर्सच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या डोळ्यांनी तिने अशी किती माणसं बघितली असतील, पहाटे उठून, वारलेल्या माणसांशी बोलणारी. तिने वाद घातला नाही. त्यांच्या कोपरावरची सुकलेली खपली बोटाने चाचपली. ‘गेल्या महिन्यात तुमचं वजन किती उतरलंय, बघितलंत का?’ ती म्हणाली. ‘ही बला गेली की बरे व्हाल. सरका. माझ्या पायाने होऊ दे आज.’

दातवाले आधी स्वतः आत बसले. सगळी सीट दोन्ही हातांनी दाबून बघितली, दारापासून दारापर्यंत. सीट गरम होती, पण ऊन काचेतून सरळ तिच्यावर पडत होतं. आरसा जागेवर होता. सीट पुढे होती, त्यांच्या पायांच्या मापाची. गाडी त्यांच्या वजनाने डावीकडे खाली गेली, पूर्वी जायची तशीच. त्यांचा जीव भांड्यात पडला. आपलंच डोकं फिरलं होतं, दुसरं काही नाही. इतक्या आनंदाने कुणी स्वतःला वेडं म्हणवून घेतलं नसेल.

‘ये,’ ते उतरत म्हणाले. ‘बस.’

७

दार ‘धप्प’ वाजलं.

‘बसलीस?’

‘बसले.’

‘नीट?’

‘अहो, बसले ना! सांगा आता.’

दातवाल्यांनी तळहात धरला. ‘हं, मार!’

सेल्फ फिरला. इंजिन खोकलं, कुरकुरलं, बंद पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. तिसऱ्यांदा दोन लांब आणि एक आखूड, आणि आखूड जरा अडखळता, दुखऱ्या गुडघ्याचा. तिचाच पाय. दातवाल्यांचे डोळे भरून आले. गाडीने सूर धरला तरी त्यांनी हात काढला नाही, उगाच तिथेच धरून ठेवला, आणि मनात म्हणाले, विकायचीच कशाला? राहू दे की. रोज सकाळी दोघांनी मिळून...

आतून बायको बोलताना ऐकू आली. हळू, इस्पितळात पेशंटशी बोलते त्या आवाजात.

‘नाही नाही, बसा ना. मी सरकते.’

दातवाल्यांनी बॉनेट आपटून खाली आणलं.

बायको पलीकडच्या दाराला टेकून बसली होती, खिडकीपाशी, पर्स मांडीवर, पाय जवळ घेतलेले. गर्दीच्या बाकावर एखाद्याला जागा करून देताना बायका बसतात तशी. तिच्या चेहऱ्यावर ओळख नसलेल्या माणसासाठी असतं तेवढंच हसू होतं. स्टिअरिंगच्या बाजूच्या काचेवर सगळं आभाळ पडलं होतं, पांढरं, डोळे दिपवणारं. त्याच्यामागे काही होतं की नव्हतं ते दिसत नव्हतं. गाडी डावीकडे पार कललेली होती.

ते धावत तिच्या दाराशी गेले. दार उघडेना.

‘अगं, उतर!’

तिने खिडकीची काच खाली केली. ‘अहो, मागे बसा,’ ती म्हणाली. ‘पुढे जागा नाही.’

‘कोण आहे?’

तिने एकदा डावीकडे बघितलं आणि मग दातवाल्यांकडे. दिवसभराच्या पाळीनंतर कुणी काही खुळ्यासारखं विचारलं की ती बघे, तसं. ‘उशीर होतोय,’ ती म्हणाली. ‘बसा ना हो.’

स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा चालवणाऱ्याच्या बाजूला ओढला गेला आणि खाली आला. बया हलली. कुठे धक्का नाही, कुरकुर नाही, तलावात होडी सोडावी तशी. दातवाले दोन पावलं बरोबर चालले, मग त्यांना धावावं लागलं. बायको आत होती. दुसरं काही ठरवण्यासारखं नव्हतं. मागचं दार हात लावताच उघडलं, ते आत पडले, आणि दार आपल्या वजनाने लागलं.

मागच्या सीटवर ते इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. इथून गाडी केवढी लांबलचक वाटत होती. पुढे उजवीकडे बायकोचा अंबाडा दिसत होता. डावीकडे सीटच्या पाठीचं कापड आत दबलेलं होतं, एका रुंद खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आणि त्याच्या वर समोरची काच, आणि काचेत येणारा रस्ता. आरसा वर वळलेला होता. त्यात छत होतं. स्टिअरिंग सावकाश फिरलं आणि गाडी हाडांच्या डॉक्टरच्या रस्त्याला न लागता दुसरीकडे वळली.

‘अगं,’ दातवाले म्हणाले. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. गाडी अजून हळू होती, उतरता आलं असतं. ते उतरले नाहीत.

बायकोने मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. मग तिचं डोकं झोपाळू माणसाचं कलतं तसं हळूहळू डावीकडे कललं, आणि कलता कलता मधेच, सीटच्या पाठीपासून वीतभर वर, टेकलं. तिथेच राहिलं. गाडी खड्ड्यावरून गेली तरी हललं नाही. दातवाल्यांना भीती वाटली, खूप वाटली. पण त्या भीतीच्याही आधी त्यांना हेवा वाटला.

‘डोळा लागला तर उठवू नका हं,’ ती म्हणाली.

दातवाल्यांनी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून, स्टिअरिंगच्या बाजूने, हुंकार आला.